सोपानतात्यांची आख्खी कथा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्याच्याशी लग्न होता होता राहिलं त्याला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि समोर बसलेलेही नाही. समोर माणूस असला की मी गोष्ट गोड करून सांगते. ही माझी जुनी खोड. कुणाचा चेहरा पडलेला मला बघवत नाही, आणि लोक याला माझा चांगुलपणा समजतात.

मी ॲनिमेशन करते. हाताने, जुन्या पद्धतीने, सेकंदाला बारा चित्रं. पडद्यावरच्या माणसाने नुसतं मागे वळून बघितलं तरी माझे दोन दिवस जातात. या कामात माणूस एकटा पडतो आणि मग एकटं असणं अंगवळणी पडतं. कात्रजला माझा लहानसा फ्लॅट आहे, शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर कामाची भाड्याची खोली. या दोन्हींच्या मध्ये मी बोलते ती रिक्षावाल्यांशी, आणि तेही बहुतेक वेळा भांडायलाच.

काही वर्षांपूर्वी मी सहा मिनिटांची एक फिल्म केली. एका नव्या सोसायटीत गोंधळ घालायला एक म्हातारा गोंधळी येतो. वॉचमन त्याला गेटवर अडवतो — नाव, फ्लॅट नंबर, कामाचं स्वरूप. म्हातारा गेटबाहेरच उभा राहतो, कमरेचा संबळ वाजवायला लागतो आणि गावोगावच्या देवींना नाव घेऊन बोलावतो. देवी येतात. वॉचमन त्यांनाही रजिस्टरमध्ये सही करायला लावतो. इथे लोक हसतात. मग चाळीस सेकंद नुसता संबळ आणि त्या म्हाताऱ्याचा आवाज, आणि एकेका मजल्यावर दिवे लागत जातात. इथे लोक रडतात. मी दाराशी उभी राहून पाहिलंय त्यांना रडताना. टाळ्या घेतल्यात. एका ठिकाणी बक्षीस घेताना माईकवर ‘लोककलेचं जतन’ या विषयावर बोललेसुद्धा — चांगली दहा मिनिटं.

त्या फिल्ममधला आवाज सोपानतात्यांचा.

तात्या पुण्याजवळ मांजरी गावात राहायचे. उसाच्या शेतांच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींची चित्रं काढायला मी तिकडे जायचे, तेव्हा एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांचा गोंधळ चालला होता. नवं लग्न झालेलं जोडपं मोबाइलमध्ये, पाहुणे जेवणाच्या रांगेत, आणि हा माणूस गळ्यात कवड्यांची माळ घालून, डोळे मिटून, जणू समोर हजार माणसं बसलीयेत असा गात होता. मी तिथेच ठरवलं — हा आवाज मला हवा. हवा म्हणजे काय, हे मात्र तेव्हा नीट कळलं नव्हतं. मला चाळीस सेकंद हवे होते.

फिल्मसाठी फक्त सुरुवातीचं आवाहन म्हणाल का, असं मी विचारलं तर तात्या हसले. “तसं न्हाई जमत, ताई. देवीला बोलावलं की कथा व्हाया पायजे. मग आरती. मग निरोप. बोलावलं आन् उठून गेलं, असं करत न्हाईत.” मग त्यांनी एक अट घातली. एकच. “तुमच्या शिनेमाला लागंल तेवढं घ्या. पर कथा आख्खी भरून घ्या. आमच्या घरातली हाय ती, मीठवालीची. मी आन् माझा धाकटा भाऊ, दोघांलाच यायची. तो गेला. आता मी एकटाच हाय.”

मी म्हटलं, घेते की, तात्या. त्यात काय.

रेकॉर्डिंग माझ्या पेठेतल्या खोलीत केलं. रविवारची दुपार निवडली, कारण दुपारी एक ते चार अख्खी पेठ आडवी होते आणि तेवढाच काय तो शांतपणा. एप्रिल महिना. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, दार लावलं, आवाज नको म्हणून पंखा बंद केला. तात्या दोन बस बदलून आले होते, एकटेच. त्यांनी आधी स्टीलच्या ताटलीत दिवटी पेटवली. दिव्याशिवाय सुरुवात करायची नाही म्हणाले. मग उभे राहिले, संबळ कमरेला बांधला आणि सुरू केलं.

आवाहन सहा-सात मिनिटं चाललं. असं गायले — मी हेडफोन लावून बसले होते आणि माझ्या हातावर काटा आला. मनात म्हटलं, मिळालं. आवाहन संपलं, तात्या पाणी प्यायले, उपरण्याने तोंड पुसलं. मी रेकॉर्डर थांबवला. चांगला झालेला तुकडा आधी सुखरूप ठेवून द्यावा म्हणून. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले आणि कथा सुरू केली.

इथपर्यंत मी सरळ सांगत आले. आता उठून पाणी पिऊन आले, गॅलरीत उभी राहिले, समोरच्या बाईचे वाळत घातलेले कपडे मोजले. टाळते आहे. तुमच्याही लक्षात आलं असेल.

मी रेकॉर्डर पुन्हा सुरू केला नाही.

विसरले नाही. मशीन बिघडलं नाही. कार्डात जागा उरली नव्हती असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले — ते खोटं आहे, जागा भरपूर होती. एक बटण दाबायचं होतं. बोट पुढेही गेलं होतं. मग मनात आलं, या दीड तासाचं मी करू काय? परत ऐकायचं, साफ करायचं, तुकडे करायचे, नावं द्यायची — माझ्या फिल्मला ज्याचा काडीचा उपयोग नाही त्यासाठी माझे चार दिवस? आणि मला त्यांचे हात काढायचे होते. संबळावर पडणाऱ्या काठ्या, मनगटाची वळणं. म्हणून मी वही उघडली आणि चित्रं काढायला बसले. हेडफोन कानावर तसाच ठेवला.

त्यांनी मध्ये एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला.

आणि पंखा. पंखा लावला असता तर त्यांना कळलं असतं ना? म्हणून मी तो बंदच ठेवला. बंद खोलीत, एप्रिलच्या दुपारी, सत्तरीचा माणूस दीड तास उभा राहून गात होता, घामाने सदरा पाठीला चिकटला होता, आणि मी खोटं उघडं पडू नये म्हणून पंख्याच्या बटणाला हात लावला नाही. याला काय म्हणायचं? आळस म्हणून चालेल? मी बरेच शब्द लावून बघितले. आळशी माणसाने निदान पंखा तरी लावला असता.

कथेतलं मला काय आठवतं सांगू? एक मीठ विकणारी बाई. तिच्या बैलाच्या पाठीवर मिठाची गोणी. देवीच्या देवळासमोर बैल बसतो तो उठेना. देवी म्हातारीचं रूप घेऊन येते आणि चिमूटभर मीठ मागते. बाई म्हणते — काय म्हणते? मला ठाऊक नाही. तेव्हा मी डाव्या हाताचा अंगठा काढत होते. शेवटाकडे तात्यांचा आवाज खाली उतरला होता, बहुतेक कुणीतरी रडत होतं कथेत. का रडत होतं? त्या खोलीत ऐकणारी मी एकटी होते, आणि मी ऐकलं नाही.

आरती झाली, निरोपाचं म्हणून झालं. दिवटी विझवून ते खाली बसले. “आली का सगळी?”

“आली, तात्या.”

“ऐकीव की वाईच.”

मी सुरुवातीचं आवाहन लावलं. कान देऊन ऐकलं त्यांनी, आणि लहान मुलासारखे हसले. “आरं, ह्यो माझा आवाज व्हय?” त्यांना शेवट ऐकायचा होता, पण बसची वेळ झाली होती. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरी, लई मोठं काम केलंस.” तोवर ते मला ताई म्हणायचे, तुम्ही म्हणायचे.

त्याच वेळी सांगता आलं असतं. बस थांब्यावर गाठता आलं असतं. बरं, ते जाऊ दे — त्यानंतर दोन वर्षं त्यांचा आवाज खणखणीत होता. दोन वर्षं! एक फोन केला असता, तात्या, घोटाळा झाला, पुन्हा याल का, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आले असते. रागावलेसुद्धा नसते. कितीदा फोन हातात घेतला मी. पण पुन्हा या म्हटलं की का ते सांगावं लागणार. मशीन बिघडलं होतं म्हणून सांगावं, तर मी ‘आली’ म्हणाले होते त्याचं काय? म्हणून ते कॉपी मागायचे तेव्हा मी म्हणायचे, आवाज साफ करतेय, वेळ लागतो. त्यांना पटायचं. एका सेकंदाला बारा चित्रं काढणारी बाई — हिला वेळ लागणारच.

फिल्म पहिल्यांदा दाखवली तेव्हा ते नवा फेटा बांधून आले. पडद्यावर स्वतःला बघून उठून उभेच राहिले, मागच्यांनी खाली बसा म्हणून सांगितलं. बाहेर लोक त्यांच्यासोबत फोटो काढत होते. एका गृहस्थाने पुणेरी थाटात विचारलं, “काय हो, एवढंच येतं का आपल्याला? चाळीस सेकंदांचंच?” तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिच्याकडं आख्खी हाय. हितं थोडी घेतलीया.” मग गर्दीतून मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “शिनेमात नुसतं बोलावणंच हाय. निरोप हाय ना आपल्याकडं?”

मी म्हटलं, आहे.

पुढच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पूर्ण गेला. मला हे मंदाच्या फोनवरून कळलं. मंदा त्यांची एकुलती एक मुलगी, घरी ब्लाउज शिवते, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असूनही मला ताई म्हणते. “तात्या दिसभर पाटावर बोटं वाजीवत बसत्यात, ताई. त्यांला त्यांची कथा ऐकायची हाय. आता झाली आसंल ना साफ?”

रस्त्यात उभी होते मी. माझ्या तोंडून निघालं, “मंदाताई, हार्ड डिस्क उडाली हो.”

किती सहज निघालं! जणू तयारच होतं. फिल्मसाठी वेगळा काढलेला सुरुवातीचा तुकडा तेवढा वाचला, असं मी म्हणाले. मग मंदाच म्हणाली, “तुमी नका वाईट वाटून घिऊ. यंत्र हाय ते, त्याला तुमी काय करणार?” ती मला धीर देत होती.

दोन दिवसांनी मी मांजरीला गेले. फळं घेऊन गेले — गुन्हेगार माणूस बहुधा फळं घेऊनच जातो. तात्या कॉटवर बसले होते, गळ्याला पट्टी. मंदाने त्यांच्यासमोर मला परत सगळं सांगायला लावलं आणि मी सांगितलं, डिस्क म्हणजे काय, ती उडते म्हणजे काय, अगदी हातवारे करून. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत काय होतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण मी त्यांच्या कानाच्या पाळीकडे बघत बोलत होते. माझं संपल्यावर त्यांनी हात हलवून मंदाला खुणावलं. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. त्यांनी चहा ठेवायला सांगितलं होतं.

चहा पिताना मंदाने एक दोनशे पानी वही आणून दाखवली. पहिली तीन पानं भरलेली, बाकी कोरी. “बाईमानसानं संबळ धरू न्हाई म्हनायचे. पर मी लई मागं लागले, तवा म्हनले, बरं, लिहून तर घे. रोज सांजच्याला सांगायचे. मग तुमच्याकडं रेकॉर्डिंग झालं आन् म्हनले, आता कशापायी हात दुखवून घेती? तिथं आख्खी हाय, माझ्या आवाजात हाय.”

म्हणजे ती कथा माझ्याकडून नुसती भरून घ्यायची राहिली असं नाही. ती जी लिहिली जात होती ती माझ्या एका ‘आली, तात्या’ने थांबली. शेवटच्या ओळीत बैल देवळासमोर बसला होता. पुढे कोरं. मंदाचं अक्षर छान आहे, गोल, शाळेतल्या मुलीसारखं. मी म्हटलं, अक्षर छान आहे तुमचं.

तरी मी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, निदान तेव्हा तरी? तात्या हाताने लिहून दाखवू शकत होते का? नव्हते, त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. पण खरं कळलं असतं तर आशा तरी सुटली असती त्या दोघांची. ती आशा मी सुटू दिली नाही. उलट —

उलट असं झालं की महिनाभराने मंदाचा फोन आला. तिच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी तिला सांगितलं होतं की उडालेल्या डिस्कमधूनही काढून देणारी माणसं असतात. “तुमची ती डिस्क द्याल का, ताई?”

नाही म्हणता आलं असतं. टाकून दिली म्हणता आलं असतं — एक खोटं जास्त, पण तिथे विषय संपला असता. मी तेही केलं नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये खरोखरीची एक मेलेली डिस्क पडून होती, तिच्यात माझी कॉलेजमधली चित्रं होती आणि कुठून कुठून उतरवून घेतलेली कार्टून्स. ती मी फडक्याने पुसली. फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, आणि मांजरीला नेऊन मंदाच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली.

एका दुकानदाराने काही निघत नाही म्हणून परत केली. दुसरा म्हणाला, आत्ता नाही जमत, पण उद्या नवी मशिनं येतील, जपून ठेवा. कुणाला असं बोलायचं सुचतं? बहुतेक त्यालाही कुणाचा चेहरा पडलेला बघवत नसावा.

तात्या त्या पावसाळ्यात गेले. अंत्यविधीला मी होते. तेव्हापासून मी नवी फिल्म केलेली नाही. जाहिरातींची कामं करते — साबण, बिस्किटं. दुपारी पेठ शांत झाली की मी खोलीत पंखा पूर्ण वेगाने लावते आणि बसून राहते. फोन वाजला की आधी नाव बघते. लोक बोलावतात कुठे कुठे, मी जात नाही. मला माणसं नकोशी झालीत असं नाही, उलट फार हवीशी वाटतात. पण कुणाशीही दहा मिनिटं बरं बोलणं झालं की वाटतं, याला माहीत नाही. आणि मग मला पुढे बोलवत नाही.

यंदा नवरात्रात मंदाने घरी बोलावलं. टाळलं असतं, पण तिने तीनदा फोन केला. घट बसवले होते. घटाशेजारी तात्यांचा संबळ, त्यावर कवड्यांची माळ. आणि संबळाला लागून, एका कोऱ्या खणाची घडी घालून त्यावर ठेवलेली ती डिस्क. हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल.

शेजारच्या दोघी बायका आल्या होत्या. मंदा त्यांना दाखवत होती, “ह्याच्यात आमच्या तात्यांची आख्खी कथा हाय. अजून निघंना झालीया. पर हाय.” त्या दोघींनी हात जोडले. मग मंदा माझ्याकडे वळली. “या ताई, पाया पडा.”

मी पुढे झाले, गुडघे टेकले, आणि त्या डिस्कवर डोकं ठेवून पाया पडले. उठले तेव्हा माझ्या कपाळाला हळद लागली होती. मंदाने आपल्या पदराने ती पुसली आणि कुंकू नीट लावून दिलं.